घाटातला ट्रक आणि धनलक्ष्मीची वाटी

महादेवपुरा, बेंगळुरू
३ जून २०२४

ती. स्व. अण्णास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. तुला फोनवर ऐकू येत नाही म्हणून आपण पोस्टखातं पोसतो आहोत, हे मान्य. पण निदान वाचता येईल असं लिही. तुझ्या ओळी एकमेकींच्या डोक्यावर चढल्या आहेत. आमच्या कॉन्व्हेंटात असं अक्षर काढणारीला सिस्टरनी बाकावर उभं केलं असतं.

नवा गुडघा बरा आहे. मी मात्र संतापलेली आहे. जिना नीट चढता येईपर्यंत आपल्या ताईचा आशय आणि त्याची बायको रम्या मला जयनगरच्या घरी सोडायला तयार नाहीत. वर दर रविवारी त्यांच्याबरोबर पटावरचा खेळ खेळावा लागतो. मला वाटलं, सापशिडी असेल. छे! पटावर डोंगर, नदी आणि चार गावं. रानात लाकूड, खाणीत कोळसा, शेतात धान्य. आशयकडे आगगाडी, रम्याकडे होडी, माझ्याकडे ट्रक. बर्फाने घाट बंद व्हायच्या आत चारही गावांना माल पोचवायचा. पोचला तर तिघंही जिंकलो, एक गाव जरी राहिलं तरी तिघंही हरलो. मग हरवायचं कोणाला? कोणालाच नाही! आधी बसून एकत्र बेत ठरवायचा म्हणे. आमच्या शाळेत शेजारणीला उत्तर सांगणं हे पाप होतं.

प्रत्येकाचा साठा पुठ्ठ्याच्या छोट्या पडद्यामागे असतो. काय आहे आणि काय संपलंय, ते आपणच सांगायचं. माझं डिझेल संपलं होतं. सरकारी कारखान्याचा माल जन्मभर देशभर पाठवलेली बाई मी, या पोरांपुढे कशाला तोंड वेंगाडू? म्हटलं, पुढच्या फेरीत मिळेल. नाही मिळालं. ट्रक घाटात उभा, वरचं गाव धान्यावाचून, आणि आम्ही हरलो. रम्याकडे डिझेलची पिंपं नुसती पडून होती. ती रागावली असती तर मला बरं वाटलं असतं. ती आपल्या कानडी मराठीत एवढंच म्हणाली की मावशी, स्वल्प सांगायचं होतं की. आणि मला कॉफी करून दिली. याला अपमान नाही म्हणायचं तर काय?

आहे तेवढी माया टिकव, वाढवायची घाई नाही.

तुझी,
विद्या


टिळकवाडी, बेळगाव
१२ जून २०२४

चि. विद्यास,
अनेक आशीर्वाद.

तुझा ट्रक अडकल्याचं वाचून मी इतका हसलो की शेजारचे योगीराज खिडकीतून डोकावून गेले. अगं, आठवतं का, आई शेजारून कधी वाटीभर साखर आणायची नाही. दुसऱ्याची वाटी रिकामी परत द्यायची नसते, आणि भरून द्यायला आपल्या घरात काही असेलच असं नव्हतं. तेव्हा मागायचंच नाही, हा तिचा कायदा. आपण दोघं त्यातच वाढलो. तू डिझेल मागितलं असतंस तर मीच घाबरलो असतो.

अक्षराचं म्हणशील तर पेन वाईट आहे. आशयने बेंगळुरूला बोलावलं आहे, पण मला प्रवासाचा कंटाळा. तुझी वहिनी गेल्यापासून घर सोडवत नाही. पेपरही बंद केला, तेच तेच असतं. काल चहा कपाऐवजी टेबलावर ओतला. वय झालं, दुसरं काय!

रम्याला माझा आशीर्वाद सांग. ती तुला सांभाळते, म्हणजे तिला दोन द्यायला हवेत. मायेत कमी करू नये.

तुझा,
अण्णा


महादेवपुरा
२४ जून २०२४

ती. स्व. अण्णास,
शि. सा. न. वि. वि.

पेन वाईट? आणि पेपर बंद केलास? हरवले-सापडलेच्या जाहिरातीसुद्धा मोठ्याने वाचून वहिनीचं डोकं उठवणारा माणूस तू!

काल आम्ही जिंकलो. तिसऱ्याच फेरीला माझ्याकडे डिझेल नव्हतं. मी पडदा आडवा पाडला आणि जाहीर केलं की माझ्याकडे काहीही नाही. मान वर करून बसले, शिक्षा ऐकायला बसतात तशी. काही झालं नाही, रे. रम्याने होडी वळवून डिझेल आणलं, आशयने कोळसा पोचवायचं सोडून माझं अर्धं धान्य बोगद्यातून नेलं, आणि घाट बंद व्हायच्या आत मी वरच्या गावात पोचले. आशय नाचला. रम्या म्हणाली, सरी, ठीक झालं, आता मावशींना खेळ आला.

रात्रभर तुझं पत्र डोक्यात होतं. आता तू पडदा उचल. डोळ्यांना काय झालंय? खोटं लिहिलंस तर याच गुडघ्यानिशी मी बेळगावला येईन आणि तुझ्याच पायरीवर पडेन.

उत्तर दे, मग मायेचं बघू.

तुझी,
विद्या


टिळकवाडी
२ जुलै २०२४

चि. विद्यास,
अनेक आशीर्वाद.

उजव्या डोळ्याने जवळजवळ दिसत नाही. डाव्यातही अंधुक झालं आहे. मोतीबिंदू पिकला, आत दाब वाढतो आहे. डॉक्टर म्हणाले, आणखी थांबलात तर डाव्याचीही खात्री नाही. ऑपरेशनला सोबत माणूस घेऊन या, असंही म्हणाले, आणि तिथेच गाडी अडली. योगीराजांना विचारायला कितीदा त्यांच्या दारात गेलो आणि नळाला पाणी आलं का, एवढंच विचारून परतलो.

पुढची ओळ लिहायला सकाळ गेली. विद्ये, मला न्यायला कोणी येईल का?

तुझा,
अण्णा


महादेवपुरा
८ जुलै २०२४

ती. स्व. अण्णास,
शि. सा. न. वि. वि.

हे पत्र आशयच्या हाती देते आहे. तोच तुला वाचून दाखवील, म्हणून शिव्या आवरल्या आहेत.

काल पट मांडलाच नाही. नुसते टेबलाभोवती बसलो. मी लगेच सगळ्यांना कामं वाटायला लागले, तेव्हा रम्या हसून म्हणाली, मावशी, तुमचा ट्रक तुम्ही चालवा, आमचं आम्हाला सांगू द्या. मग एकेकाने सांगितलं. आशयला रजा आहे, तो तुला गाडीने आणणार. रम्याची मैत्रीण जयनगरच्या डोळ्यांच्या दवाखान्यात आहे, वेळ तिने घेतली. इथून रोज तिथे जाणं लांब पडतं; जवळचं माझं घर वरच्या मजल्यावर, आणि जिना ना तुला झेपणार ना मला. माझ्याकडे जागा नाही, हे मीच सांगितलं. मग खालच्या धनलक्ष्मीला फोन केला. अण्णा, मी मागितली. तिने पुढची खोली आपल्या दोघांना दिली. डोळ्यांत थेंब घालायचं काम माझं.

तू फक्त दार उघड. योगीराजांना किल्ली दे, आणि या वेळी पाण्याचं विचारू नकोस.

तुझी,
विद्या


जयनगर, बेंगळुरू
१२ ऑगस्ट २०२४

ती. स्व. अण्णास,
शि. सा. न. वि. वि.

बेळगावला सुखरूप पोचल्याचं तुझं पत्र आलं. ओळी सरळ आहेत. मी ते पत्र दोनदा वाचलं, एकदा मजकुरासाठी आणि एकदा नुसत्या ओळींसाठी. डावा डोळा वाचला, उजव्याला थोडा उजेड आला, हे पुष्कळ झालं. थेंबांच्या वेळी तू जी नाटकं केलीस ती मी विसरणार नाही. शेवटच्या रविवारी होडी तुला दिली तर तू ती कोळशासकट उलट्या दिशेला नेलीस, तेही विसरणार नाही.

सिस्टरनी आम्हाला उठता-बसता थँक्यू म्हणायला शिकवलं होतं. जन्मभर म्हणत आले, सुट्ट्या नाण्यांसारखं. रम्या मला इथे सोडून निघाली तेव्हा मात्र तो शब्द पुरेना. तिचा हात धरून उभी राहिले. ती सरी, सरी म्हणत राहिली आणि तिचेही डोळे भरले. आणि तुझेही आभार, अण्णा. तू विचारलंस. नाहीतर मी तुझ्या वाईट पेनावर विश्वास ठेवून बसले असते.

आता मी माझ्या घरी आहे, जिना चढते-उतरते. काल सकाळी कॉफी पावडर संपली. दुकान कोपऱ्यावरच आहे. तरी खाली गेले आणि धनलक्ष्मीकडे मागितली. तिने तिच्या स्टीलच्या वाटीत शिगोशीग भरून दिली. वाटी धुऊन ठेवली आहे. भरून द्यायला घरात बेसनाचे लाडू आहेत, नाहीत असं नाही. पण आई नाही बघायला. दोन दिवस राहू दे माझ्याच फळीवर.

लोभ आहेच, तो मागावा लागू नये. पण लागलाच तर मागत जाऊ.

तुझी,
विद्या