पेट्रोलमध्ये न बुडवलेली रिंग

४ मार्च
जुनी कढई कायमची बाद! आता तिच्यात फक्त प्लास्टिक. हिशेबाच्या वहीत ती कुठे मांडू — घरखर्चात की विमानात?

हे शेडमध्ये विमान बांधताहेत. म्हणाले, "इंजिनाचे बारीकसारीक भाग बाजारात मिळत नाहीत, मिळाले तर परवडत नाहीत." परवडत नाही म्हटलं की माझं डोकं चालायला लागतं, हे ह्यांना पक्कं ठाऊक. डब्यांची मऊ झाकणं मी वर्षानुवर्षं साठवतेय. "कशाला हा कचरा?" म्हणून हसणारे हेच. आज पिशवी मागायला आले.

माझी अट एकच. प्लास्टिक वितळवायचं ते माझ्या शेगडीवर, माझ्या देखत. पण पेट्रोलचा थेंब उंबऱ्याच्या आत यायचा नाही. इंजिन शेडमध्ये, मी घरात. शेडमध्ये मी पाऊल टाकणार नाही. उडणार असेल ते, तर मला बघायचं नाही.

६ मार्च
पहिला घाणा करपला. घरभर वास. ह्यांनी आच मोठी केली होती. "तीस वर्षं बस डेपोत इंजिनं उघडलीत मी!" — म्हटलं, इंजिनं उघडलीत, कढई नाही. सरका.

मंद आच. ढवळत राहायचं. पाकासारखं घट्ट झालं की लगेच साच्यात, आणि शिकंजा आवळायचा. वायरी धरायच्या क्लिपा सुबक निघाल्या. नखाएवढ्या!

९ मार्च
आज कॉकच्या रिंगा. कॉक म्हणजे नळच — टाकीतलं पेट्रोल इंजिनाला सोडणारा. नळाला वायसर तशी त्याला ही रिंग. उकळत्या पाण्यात तासभर ठेवल्या. ढिम्म! हे खूश.

एकीचा काठ जरा खाल्लेला निघाला. "फेकून दे." फेकते कसली! भाग धुवायचा ह्यांचा पेट्रोलचा डबा मागच्या पायरीवर असतो, त्याच्या झाकणातलं वायसर कधीचं गेलंय. तिथे चपखल बसली.

१४ मार्च
इंजिन सुरू झालं. खिडकीच्या काचा थरथरल्या. ह्यांचे धाकटे भाऊ नाचतच घरात. "वहिनी, दादाला आता ताट वरच पाठवा!" मी हसले. भाऊजींना चहा दिला.

मग देवापुढे बसले आणि मागितलं काय? हे यंत्र उडू नये. दिवसभर त्याच्यासाठी खपायचं आणि संध्याकाळी हे मागणं! कुणाला सांगायची सोय नाही.

१७ मार्च
तपासनीस येऊन गेले. कागद झाले. रविवारी पहिलं उड्डाण, हे एकटेच. मागच्या सीटवर तोलासाठी वाळूचं पोतं. भाऊजी म्हणतात, "पोतं कुरकुर करत नाही, दादाला सोबत चांगली."

२० मार्च
मागच्या पायरीवरचा पेट्रोलचा डबा उघडायला गेले.

डब्याचं झाकण फिरेना म्हणून फडक्यात धरून पिळलं. आतली रिंग फुगलेली. दुधात भिजलेल्या पावासारखी मऊ. कॉकमध्ये हिचीच बहीण — तीच झाकणं, तीच कढई. फुगली की पेट्रोलची वाट बंद. आणि हे वर!

पाण्यात उकळली, पेट्रोलमध्ये एकदाही बुडवली नाही. कशी बुडवणार? तपासणी माझ्या स्वयंपाकघरात आणि तिथे पेट्रोलला माझीच बंदी! माझा नियम आम्ही दोघांनी मुकाट पाळला.

रिंग मुठीत घेऊन बसलेय. देवाने ऐकलं की काय? नुसती दाखवायची आणि म्हणायचं, घरच्या झाकणांवर कुणी उडतं का? पुन्हा विमानाचं नाव निघायचं नाही.

२१ मार्च
शेडमध्ये गेले. पहिल्यांदाच. रिंग ह्यांच्या तळहातावर ठेवली. ह्यांनी लगेच कॉक उघडला. आतलीही फुगायला लागलेली.

म्हणाले, "तू म्हणशील तर बंद करतो. आजच." मनापासून म्हणाले. ह्यांचा आवाज मला कळतो.

'बंद करा' ओठांवर होतं. पण नजर इंजिनाकडे गेली. माझ्या क्लिपा ओळीने बसलेल्या, प्रत्येकीने आपापली वायर घट्ट धरलेली. तोंडातून भलतंच निघालं — "मिक्सरचं दातेरी चाक आहे माझ्याकडे. नायलॉनचं."
"तेही ठेवलंयस?"
"मी काय टाकते?"
हसले. मग घाईने, "नायलॉनला पेट्रोल काही करत नाही."
"झाकणांनाही काही होत नाही असंच वाटलं होतं. बुडवून बघू."

रविवार रद्द.

२९ मार्च
चाकातून लेथवर नवी रिंग कापली. आठवडाभर पेट्रोलच्या बाटलीत आहे — शेडमध्येच, घरात नाही ते नाहीच! रोज जाऊन मीच मोजते. तसूभर फरक नाही. आता क्लिपाही एकेक करून बुडवतेय.

७ एप्रिल
उडाले. उतरले. मी मैदानाच्या कडेला डोळे गच्च मिटून उभी. भाऊजी ओरडले, "वहिनी, उघडा आता, पोतंसुद्धा सुखरूप आहे!"

देवाकडे मागच्या मागण्याची माफी मागितली.

२१ एप्रिल
आज पोतं शेडमध्येच राहिलं. वर गेल्यावर देवाचं नाव घेतलं, पण हात जोडता आले नाहीत — दोन्ही हातांनी समोरची दांडी धरली होती.