गिझरचं कार्ड

४ नोव्हेंबर

शी! आज तीन बाथरूम, आणि तिन्हीकडे केस. मोरीची जाळी उचलली की मेलेल्या उंदरासारखा ओला गोळा वर येतो – केस, साबणाचा लगदा, कानातल्याची फिरकी. मामा म्हणतो, "नाक मुरडू नकोस. यावरच आपली चूल पेटते." आणि त्याच्या दुरुस्तीच्या दुकानाचा नियम – जे निघेल ते गिऱ्हाईकासमोर कागदावर मांडायचं. सगळं! नंतर 'तुम्हीच काहीतरी मोडलंत' म्हणायला तोंड राहत नाही. मी ती घाण जेवण वाढावं तशी मांडतो. कॉलेज सोडून मिळवलेली पदवी ही!

५ नोव्हेंबर

दोनदा आंघोळ केली. वास तस्साच.

८ नोव्हेंबर

आज एका निवृत्त शिक्षिकेकडे. "मशीनला वास का मारतो रे? मी तर पावडर दुप्पट टाकते." अहो बाई, म्हणूनच मारतो! जास्तीची पावडर विरघळत नाही, टबाच्या मागे थर धरते. वर धुणं झालं की तुम्ही दार घट्ट लावता. ओल आतच कुजते. दाराच्या रबराची घडी उलटून दाखवली – काळी, बुळबुळीत. बाईंनी रुमाल नाकाला लावला. "रोज धुते ना मी!" म्हटलं, "धुता, पण मशीनला कोण धुतं?"

मग चौकशी. शिकतोस का? सोडलं. का सोडलंस?

का! मार्चमध्ये मी वर्गातल्या एका मुलीसाठी पत्र लिहिलं. चार दिवस खपून. घडीवर घडी घातली, मामाच्या दुकानातल्या स्क्रूच्या पिशवीत कोंबलं, वर चिकटपट्टी. माझ्या तळहातांना घाम सुटतो, शाई फुटली असती. प्रयोगशाळेत तिच्या हातात ठेवलं, "घरी जाऊन बघ" म्हणालो आणि सुसाट पळालो. दुसऱ्या दिवशी ती मैत्रिणींच्या घोळक्यात. पिशवी हातात, हसू आवरेना. "अरे, हे मला कशाला दिलंस?" सगळ्या फिदीफिदी! परीक्षेचा फॉर्म तिथल्या तिथे फाडला. "पुन्हा तोंड दाखवणार नाही!" म्हणालो आणि आजवर दाखवलेलं नाही. नंतर दोनदा तिचा फोन आला. उचलला नाही, नंबरच ब्लॉक केला. अजून हसायचं राहिलं होतं वाटतं!

हे बाईंना काय सांगणार? म्हटलं, "डोकं चालेना." बाई म्हणाल्या, "मशीनबद्दल तर चांगलं चालतं."

११ नोव्हेंबर

ती दिसली. बसथांब्यावर, चष्मा पुसत. मी व्हॅनमागे लपलो. माझ्या नखांत कुणाच्यातरी मोरीचा काळा मळ होता. तिने पाहिलं नाही. पाहिलं असतं तर – नको! नकोच!

१४ नोव्हेंबर

घरचाच गिझर गळायला लागला. मामाने बघितलं. टाकीलाच भोक. कंपनी टाकी फुकट बदलून देईल, वॉरंटी तीस तारखेपर्यंत आहे. पण कार्ड कुठाय?

आई म्हणते, "मार्चमध्ये तुझ्याच हातात दिलं होतं. मामाला दे म्हटलं होतं. नीट घडी घालून, पिशवीत घालून!" घरातले सगळे कागद ती दुकानातल्या त्याच पिशव्यांत घालते, चिकटपट्टी लावून. मामा म्हणतो, "माझ्यापर्यंत काही आलं नाही बुवा." झालं! म्हणजे खापर माझ्या डोक्यावर! "मला काही दिलेलं नाही!" ओरडलो. "माझे हात घाण असतील, डोकं नाही!" ताट तसंच सोडून उठलो.

आईने गॅसवर माझ्या आंघोळीचं पाणी ठेवलं. त्याचा जास्त राग आला.

१७ नोव्हेंबर

आई: "जगाच्या मोऱ्या उपसतोस आणि घरचं मशीन आठ महिने वास मारतंय. मी काय दुकानात तक्रार लिहून देऊ?"

करतो म्हटलं.

१८ नोव्हेंबर

नाही केलं. किळस आली आहे सगळ्याची.

२१ नोव्हेंबर

आता मशीनमधलं पाणीच उतरेना. आईने मामालाच फोन लावला. मामा मला म्हणाला, "आज तुझं गिऱ्हाईक तुझी आई. जा."

मशीन आडवं केलं. फिल्टरमध्ये दोन बटणं आणि राखाडी लगदा. तेवढ्याने तुंबत नाही. टबाखालचा जाड रबरी पाइप सोडवला, आत बोटं घातली. शेवाळासारखं काहीतरी. इतक्या लोकांची घाण काढली, पण ओकारी आली ती घरच्या घाणीने! काहीतरी हाताला लागलं. ओढलं. पिशवी! चिकटपट्टीसकट.

"कार्ड!" आई ओरडली. "बघ, खिशात राहिलं आणि पँट धुवायला टाकलीस! मी दिलंच होतं!"

नियमाप्रमाणे कागद पसरला, पिशवी पुसून गिऱ्हाईकासमोर ठेवली. आईने चिकटपट्टी सोडली. घडी उघडली. वाचलं – एखादी ओळ असेल. मग होती तशी घडी घातली आणि माझ्या ओल्या हातात दिली.

"हे गिझरचं नाही रे," एवढंच म्हणाली.

शाई कुठेही फुटली नव्हती.

म्हणजे त्या दिवशी माझ्या खिशात दोन पिशव्या होत्या. म्हणजे प्रयोगशाळेत तिच्या हातात –

अरे देवा!

२२ नोव्हेंबर

वॉरंटीचे आठ दिवस उरले. आई म्हणते, "जा, मागून आण. आणि जाताना हात स्वच्छ धू."

नखं घासून घासून लाल झाली. नंबर अनब्लॉक केला. पहिल्याच रिंगला तिने उचलला. मी हॅलोसुद्धा म्हटलं नव्हतं.

"काय रे, गिझर बिघडला वाटतं?"