इंजिनाशेजारची केबिन

१२ फेब्रुवारी

चि. धाकट्यास अनेक आशीर्वाद.

जहाजाच्या तिकीट कचेरीत इतकी वर्षं खुर्ची उबवलीस, तिचा एकदा तरी बहिणीला उपयोग होऊ दे. ह्यांचा जन्म छापखान्यात मुद्रितं तपासण्यात गेला. निवृत्त झालो की समुद्रावरून जाऊ, म्हणायचे. आता त्यांचं विसरणं तुला ठाऊकच आहे. डॉक्टर म्हणाले, जायचं तर याच वर्षी. आठ दिवसांच्या सफरीत आम्हां दोघांना परवडेल अशी केबिन बघ. खिडकी नसली तरी चालेल, पण शांत हवी.

घरी यायची गडबड करू नकोस, पसारा आहे.

तुझी ताई

१७ फेब्रुवारी

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

खुर्ची उबवणाऱ्याने काम फत्ते केलं. लोक स्वस्त म्हणून नाचाच्या हॉलखालची केबिन घेतात आणि मग माझ्या नावाने बोटं मोडतात. तुझी मधल्या मजल्यावर आहे, वरखाली नुसत्या केबिनी. लिफ्ट, स्वयंपाकघर, इंजिन सगळं लांब. आतल्या बाजूची, म्हणून परवडणारी. शेजारीही निवडून घेतलेत. एकीकडे अर्धशिशीने बेजार झालेल्या बाई, दुसरीकडे हृदयाचं ऑपरेशन झालेले गृहस्थ. टाचणी पडली तरी ऐकू येईल. भाऊजींना खूश ठेव.

लोभ आहे तसाच असू दे, धाक तेवढा कमी कर.

तुझा धाकटा

२० फेब्रुवारी

चि. धाकट्यास आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. ही केबिन आम्हांला चालायची नाही. मी तुला अर्धंच लिहिलं होतं.

गेले चार महिने हे ओरडतात. ओरडतात म्हणजे वाचतात. छापखान्यात यंत्रांच्या खडखडाटात एकाने मूळ मजकूर मोठ्याने वाचायचा आणि दुसऱ्याने मुद्रितावर बघायचं, अशी रीत होती. तसे हे दुपारभर हाती लागेल तो कागद वाचतात, औषधाची चिठ्ठीसुद्धा. स्वल्पविराम, पूर्णविराम, नवा परिच्छेद, सगळं घसा फोडून. थांबवलं की रडतात. वरचे येऊन भांडून गेले, घरमालकांनी समज दिली. मी भिंतीला गाद्या लावल्यात. तुझ्या मनातले भाऊजी मितभाषी आहेत, ते तसेच राहावेत म्हणून तुला येऊ दिलं नाही.

आमच्या कानाला शांतता नको होती रे. आमचा आवाज कुणाला जाणार नाही अशी जागा हवी होती, आणि ते लिहायची मला लाज वाटली. जी कुणी घेत नाही ती केबिन दे.

ताई

२४ फेब्रुवारी

ती. ताईस शि. सा. न.

इंजिनाशेजारची मिळाली. ही केबिन कुणी मागून घेतलेली आपण पहिल्यांदाच पाहतोय, असं म्हणून साहेब हसले. मला हसू आलं नाही. चार महिने मी दोन गल्ल्या पलीकडे राहत होतो आणि तुझ्या पसाऱ्यावर विश्वास ठेवला. सोबत यायचं होतं, पण जहाज भरलंय, स्वतःसाठी एक जागा मला काढता आली नाही. तिथे शेजारी बसून बोललेलंही ऐकू येत नाही. कानात बोळे घाल आणि जीव सांभाळ.

धाकटा

९ मार्च, जहाजावरून

चि. धाकट्यास आशीर्वाद.

केबिन ह्यांना फार आवडली. आल्या आल्या थरथरत्या भिंतीवर हात ठेवून उभे राहिले आणि जेवणाची यादी वाचायला लागले. कुणी दार वाजवलं नाही. कितीतरी दिवसांनी मी त्यांना गप्प करायला धावले नाही. डेकवर मात्र टिकत नाहीत. समुद्राकडे पाठ करून केबिनकडे ओढतात.

काल दुपारी वाचता वाचता थांबले. कागद खाली ठेवला, माझ्याकडे ओळखीचं बघितलं आणि हळूच काहीतरी बोलले. चार-पाच शब्द असतील. शेवटचा शब्द माझं नाव होतं, असं ओठांवरून वाटलं. इंजिनाच्या आवाजात मला काही कळलं नाही. जवळ जाऊन परत म्हणा म्हटलं, तोवर त्यांनी कागद उचलला होता.

तेव्हापासून त्यांच्या तोंडाकडे बघत बसले आहे. तुझा काही दोष नाही. ही केबिन मीच मागितली होती.

तुझी ताई