खानमचं पोट आणि माझं बोट

५ फरवर्दीन, सकाळ
नवरोज झाला. नव्या वर्षाचा संकल्प: खानमची अंडी माझ्याच हातून निघणार. खानम म्हणजे आमच्या मत्स्यबीज केंद्रातली सर्वांत मोठी स्टर्जन मासळी. पंधरा वर्षं पोसली, अंडी यंदा पहिल्यांदाच भरलीत. अंडी सुटायचं इंजेक्शन वेळेवर दिलं तर हजारो पिल्लं; घाईत दिलं तर सगळी अंडी पोटातच नासणार. पोटाला बोट लावून पाहिलं. तयार!

नवी तंत्रज्ञ माहरुख म्हणते, आगा, चार अंडी काढून, उकडून, ब्लेडनं कापून बघू. केंद्रक मधोमध असलं तर अंडं कच्चं, कडेला सरकलं तर पिकलं. म्हणजे तीस वर्षं मी काय माशा मारल्या?

७ फरवर्दीन
तिनं कापलं. म्हणे मधोमध आहे. मला भिंग देत होती. मी भिंग वापरत नाही.

८ फरवर्दीन
स्वतः दोन कापली. केंद्रक कुठेच नाही. माहरुखला सुनावलं, खानमला केंद्रकच नाही, मधोमध कसलं घेऊन बसलीस? म्हणाली, आगा, तुम्ही आडवं कापलंत, उभं कापायचं असतं. मुद्दाम पुन्हा कापलं नाही. तत्त्वाचा प्रश्न आहे.

१२ फरवर्दीन, दुपार
उद्या नवरोजचा तेरावा दिवस, सगळे सहलीला जातात, घरात कोणी थांबत नाही. म्हणून आजच इंजेक्शन दिलं. सिरिंज माहरुखनं भरून दिली, एका शब्दानं वाद न घालता. शेवटी पटलं तर!

१३ फरवर्दीन
नदीकाठी कबाब. मेहुण्याला सांगितलं, आज मोठी बातमी येणार. बायको म्हणाली, अहो, फोन खाली ठेवा आणि जेवा. केंद्रावरून फोन आला नाही. रेंज नसणार.

१४ फरवर्दीन
खानम मजेत पोहतेय. अंडी नाहीत. औषध बोगस! कंपनीला चार पानी तक्रार लिहिली.

१५ फरवर्दीन
टपालात टाकणार तोच माहरुख आली. सिरिंजमध्ये मिठाचं पाणी होतं म्हणे. रडवेली होऊन म्हणाली, आगा, पंधरा वर्षांची मेहनत, मी तरी काय करू? भयंकर चिडलो. चारी पानं फाडली.

२७ फरवर्दीन
केंद्रक कडेला आलं. काल तिनं खरं इंजेक्शन दिलं. आज बादलीभर अंडी, काळी, टपोरी. मला रडूच आलं. रश्तहून आलेल्या साहेबांना म्हटलं, मी पहिल्या दिवसापासून सांगत होतो, तयार आहे म्हणून.

२८ फरवर्दीन
भिंग घेतलं. सात तारखेचं एक अंडं बरणीत उरलं होतं. उभं कापलं. केंद्रक बरोब्बर मधोमध. सगळी नासवली असती मी. लाज वाटली. माहरुखला तसं सांगितलं. म्हणाली, आगा, चहा टाकलाय, बसा.

निघताना सवयीनं खानमच्या पोटाला बोट लावलं. बोट म्हणालं, तयार!

पोट कालच रिकामं झालंय.