चुना लागलेला तास

साहेब, तुम्हाला जाऊन कितीतरी वर्षं झाली, तरी नव्या शिक्षकाच्या वर्गात गेले की मी तुमच्यासारखीच चप्पल दाराशी काढते आणि मागं पोरांत मांडी घालून बसते. शिक्षकांना प्रशिक्षण देणं हेच आता माझं काम. तुम्ही असता तर म्हणाला असता, "बाई, तुमी बी सायब झालात की!"

बेंबळीच्या पुढची ती शाळा आठवते? मी विज्ञानाची नवीकोरी बाई, तुम्ही शिक्षण विस्तार अधिकारी. साहेब येणार म्हणून हेडमास्तरांनी आदल्या संध्याकाळी भिंतींना चुना मारून घेतलेला. सकाळी मी हळदीच्या पाण्यात बुडवलेल्या कागदाच्या पट्ट्या वाळायला त्याच ओल्या भिंतीवर चिकटवल्या. साबणाच्या पाण्यात पट्टी लाल होते, हे तुम्हाला दाखवायचं होतं. तास सुरू होतो, मी पट्ट्या काढते, तर सगळ्या आधीच लालभडक! माझ्या तोंडचं पाणी पळालं. आज हसं झालं तर विज्ञान सोडायचं, असं मी ठरवूनच आले होते. तुम्ही उठलात, पट्टी हातात घेतलीत आणि खो खो हसलात. "बाई, चुना लावला माझ्यासाठी, अन् लागला तुमाला!" मग पोरांकडं वळलात, "का रं, साबणाआधीच कशी लाल झाली ही?" पोरं भिंतीकडं धावली. चुन्यानं हळद लाल होते, कुंकूसुद्धा असंच करतात, हे त्यांनीच शोधून काढलं. जाताना तुम्ही एवढंच म्हणालात, "फसलं की पळायचं न्हाय. पोरांस्नी इचारायचं." त्या दिवशी मी घरी नाचतच गेले.

आज नळदुर्गजवळच्या एका शाळेत होते. तिथला तरुण शिक्षक इतिहासाचा. विज्ञानाला माणूस नाही म्हणून तो विषय त्याच्या गळ्यात पडलेला. मागच्या प्रशिक्षणात चहा पिताना म्हणाला होता, "मॅडम, लई भ्या वाटतंय. पोरांपुढं फजिती हुतीया. माझा इतिहास मला परत द्यायला सांगा." मी म्हटलं, "आधी एक तास मला बसू द्या तुमच्याजवळ, मग सांगते."

आज त्यानं विजेवरचं चुंबक करून दाखवायला मोटार वाइंडिंगच्या दुकानातली तांब्याची तार खिळ्याला गुंडाळली, सेल जोडला. टाचण्या जागच्या हलेनात. तारेवरचं वीज अडवणारं वार्निश खरवडायचं राहिलं होतं, ते मला तेव्हा लगेच कळलं. जीभ नुसती वळवळत होती! तो माझ्याकडं बघतोय आणि मी खिडकीबाहेर. शेवटी तो पोरांकडं वळला, "फसलं बघा. का फसलं असंल?" झालं, वर्ग उसळला. सेल बदला, खिळा बदला, एकच गलका. तार घासून बघण्याचं एका मुलीला सुचलं, आणि टाचण्यांचा घोस खिळ्याला लोंबला. सगळ्यात मोठ्यानं ओरडला तो मास्तरच. बाहेर येऊन घाम पुसत म्हणाला, "मॅडम, ते इतिहासाचं ऱ्हाऊ द्या आता."

हे तुम्हालाच सांगायचं होतं, म्हणून लिहिलं; टाकायला पेटी कुठली? एक मात्र कबूल करते. तो सेल जोडत होता तेव्हा विज्ञानाची ही बाई डोळे मिटून म्हणत होती, आई तुळजाभवानी, पहिल्यांदा फसू दे.