मुकादमांना दिलेली विश्रांती

मुकादम,

आज सकाळी मी दाढी करत होतो आणि रेडिओवर बातम्या लागल्या होत्या. आपला कसोटी संघ पुन्हा नव्यानं बांधणार म्हणे. जुन्यांतले तिघं बाहेर, तीन पोरं आत. आणि तो बातम्यावाला अगदी मऊ आवाजात म्हणाला, 'ज्येष्ठ खेळाडूंना विश्रांती देण्यात आली आहे.' माझा हात तिथंच थांबला. गालावरचा साबण सुकून पांढरा पडला तरी मी आरशासमोर तसाच उभा. बायको आतून ओरडली, "पाणी गार होतंय, आज कामावर जायचंय का नाही?" तिला काय सांगणार, की पंधरा वर्षांपूर्वीचा एक शब्द अचानक घरात येऊन बसलाय म्हणून? कामावर गेलो, आठ तास भरले, आणि आता जेवण झाल्यावर हे लिहायला बसलोय. तुम्ही वाचणार नाही हे मला कळतं. इतका काही मी खुळा नाही.

त्या शब्दावर पहिला दात तुमचाच होता. आठवतं ना? आपला संघ परदेशात सपाटून मार खाऊन परत आला होता आणि कंपनीच्या कँटीनमध्ये रोज दोन तट पडत होते. एक तट म्हणे, अनुभव हवा, मोठ्या खेळाडूंना असं टाकतात का? दुसऱ्या तटाचे पुढारी तुम्ही. बशीत चहा ओतून तुम्ही म्हणायचात, "काढा त्यानला! चाळिशीचा मानूस सिलिपमधी वाकनार कवा आनि चेंडू धरनार कवा? रोप येळेवर लावलं नाय तर राबातच पिवळं पडतं. पोरांचं बी तसंच हाय. उपटा नि लावा. दोन वरसं हरतील. हरू दे की!" एवढ्यात रेडिओनं संघ जाहीर केला, जुन्यांना 'विश्रांती' दिल्याचं सांगितलं, आणि तुम्ही बशी आपटलीत. "विश्रांती कसली रं? काढलं म्हना सरळ. विश्रांती मेलेल्याला देत्यात." सगळं कँटीन हसलं. मी तर सगळ्यांत मोठ्यानं हसलो. तुम्ही तेव्हा त्रेचाळीस वर्षांचे होतात आणि आपल्या टीमचे कॅप्टन होतात, कीपर होतात. हे त्या दिवशी कुणाच्याच डोक्यात आलं नाही, तुमच्याही.

माझ्या आलं. त्याच रात्री नाही, पण चार-आठ दिवसांत आलं.

मी पोशीरहून बदली कामगार म्हणून आलो तेव्हा मला या गावात कुत्रं ओळखत नव्हतं. कागदासाठी येणाऱ्या बांबूच्या मोळ्या उचलायचो. एकदा एक कांडकं लांबून नेमकं गाडीत भिरकावलं आणि मागून तुमचा आवाज आला, "ए पोशीरकर, चेंडू टाकतोस का रं?" साजगावच्या बाजूला कंपनीचं मैदान, भात निघालं की आजूबाजूची खाचरं पण मैदानातच जमा. पहिल्या सामन्याला मी अनवाणी आलो. जेवणाच्या सुट्टीत तुमचे जुने कॅनव्हासचे बूट माझ्यापुढं टाकलेत, एक नंबर मोठे, पुढं चिंध्या कोंबलेल्या. ते बूट मी तीन हिवाळे वापरले. आणि दुसऱ्याच सामन्यात शून्यावर बाद होऊन मी बॅट भिरकावली तेव्हा तुम्हीच सगळ्यांदेखत म्हणालात, "बॅट कंपनीची हाय. राग तुज्या बापाचा. तेवढा घरी ठेवून येत जा." पुढचे चार रविवार मला खेळवलं नाहीत. पहाटे यायचं, खेळपट्टीवर काथ्याची मॅट उलगडायची, ताणून खिळे मारायचे, संध्याकाळी गुंडाळून ठेवायची. मनात मी तुम्हाला काय काय शिव्या घातल्या ते लिहिण्याजोगं नाही. पण मॅट सैल राहिली की चेंडू कसा बसतो आणि ताणली की कसा उसळतो, हे मला त्या चार रविवारांत कळलं, आणि पुढं माझ्या सगळ्या विकेटी त्याच शिकवणीवर निघाल्या.

आता मुद्द्याचं. तुमचं मूळ खातं बॉयलर. आठ माणसांचे मुकादम, कोळशाच्या धुरात सोळा वर्षं. टीममध्ये घेतल्यावर कंपनीनं तुम्हाला स्टोअरमध्ये बसवलं, कारण खेळणाऱ्याला हलकं काम. टीममध्ये आहे तोवर स्टोअर, टीम सुटली की परत मूळ खातं. हा नियम कुठं लिहिलेला नव्हता, पण गेटवरच्या वॉचमनपासून सगळ्यांना पाठ होता. तुमची छाती तेव्हाच वाजायची. यष्टींमागं उकिडवे बसून उठलात की षटक संपल्यावर तुमच्या शेजारून जाताना मला ती शीळ ऐकू यायची. म्हणजे मला माहीत होतं. माहीत नव्हतं असं म्हणायची सोय नाही.

लेबर ऑफिसर साहेबांनी मला बोलावलं. त्यांना क्रिकेटचं भारी वेड. म्हणाले, "देश पोरं घेतोय, आपण का नाही? यंदापासून कॅप्टन तू. नवी टीम बांध. यादी आण." मी तीन दिवस यादी खिशात घेऊन फिरलो. चार जुने काढले, चार पोरं घेतली. तिघांची नावं खोडताना काही वाटलं नाही, खरं सांगतो. तुमच्या नावापाशी आलो आणि नोटिशीच्या फलकावर लिहायला शब्दच सापडेना. 'वगळले' लिहू? हात धजेना. मग रेडिओचा चोरला. 'मुकादमांना विश्रांती देण्यात येत आहे.' मला वाटलं, यात मान आहे.

तुम्ही दुपारी फलकापाशी आलात. दोनदा वाचलंत. मग मला बाजूला घेऊन विचारलंत, "कुनी काढलं रं? साहेबानं का तू?"

मी म्हणालो, "साहेबांनी."

"हां," तुम्ही म्हणालात. "मग बराबर हाय. पोरं लावायलाच पायजेत." दोन पावलं गेलात आणि वळलात. "शबुद मातर तुझा हाय. अक्षर वळखतो मी."

त्यानंतरचा रविवार मला अजून जसाच्या तसा दिसतो. वहिनींनी जेवायला बोलावलंय. मी टाळायला बघतोय, पण निरोप दोनदा येतो. तुमच्या स्वयंपाकघरात चुलीसमोर पाट मांडलाय, बिडाच्या तव्यावर घावणे पडतायत, वाटीत गूळ घातलेलं नारळाचं दूध. कुणाकडून तरी वहिनींच्या कानावर गेलंय की कंपनीनं ह्यांना विश्रांती दिली, फलकावर तसं लिहून लावलंय. त्यांना अक्षर येत नाही, आणि शब्दाचा जो अर्थ आहे तोच त्यांनी घेतलाय. "भाऊजी," त्या मला वाढत म्हणतायत, "देव तुमचं भलं करो. इतक्या वरसांत ह्यांच्या छातीची कुनी कदर केली नाय. तुमी साहेबाला सांगितलंत म्हनून झालं. आता चार दिस घरी बसतील, दूध पितील." मी तुमच्याकडं पाहिलं. तुम्ही सांगू शकत होतात. एका वाक्यात सांगू शकत होतात.

"खा रं," तुम्ही म्हणालात. "गार व्हतील."

मी खाल्लं. किती खाल्ले ते आठवत नाही. जेवण झाल्यावर तुम्ही ट्रंकेतून ग्लोव्ह्ज काढलेत, फडक्यात गुंडाळलेले. "कीपर घेतलास ना नवा, त्याला दे. डाव्या करंगळीची शिवन उसवलीय, दाभनानं घालून घे म्हनावं. हात ल्हान असंल तर आत कापूस." वहिनी दारातून कौतुकानं बघत होत्या. त्यांना वाटलं असेल, सुट्टीवर चाललेला माणूस सामान देतोय, परत आला की घेईल.

सोमवारी तुम्ही बॉयलरवर होतात. संध्याकाळी काळे कपडे घरी गेले तेव्हा तुम्ही वहिनींना काय सांगितलंत, ते मला पुढं बऱ्याच दिवसांनी कळलं. तुम्ही सांगितलंत, "विश्रांती संपली."

त्या वर्षी आम्ही सगळे सामने हरलो, तुम्ही म्हणाला होतात तसंच. दुसऱ्या वर्षी निम्मे हरलो. नवा कीपर चांगला निघाला, हेही कबूल करायला हवं. तुमच्यापेक्षा चपळ होता. खेळाच्या हिशेबानं तुम्हाला काढणं चुकलं, असं मी आजही म्हणणार नाही. पण पाळी सुटली की तुम्ही अंगावरच्या काजळीसकट मैदानावर यायचात, शिरीषाखाली टॉवेल तोंडाला लावून बसायचात. आणि एखादी भागीदारी जमली, काय करावं सुचेना, की माझी सगळी पोरं, मी मधे कॅप्टन म्हणून उभा असताना, मान वळवून त्या झाडाखाली बघायची. तुम्ही दोन बोटं हलवलीत की गडी आपोआप सरकायचा. माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा, मुकादम. अहो, बाहेर काढलेल्या माणसाचासुद्धा मला राग यायचा.

दुसरा पावसाळा उलटला तेव्हा तुमच्या खोकल्यात रक्त दिसायला लागलं. वहिनी पाळी सुटायच्या वेळी गेटवर आल्या, पदर डोक्यावर ओढून, कंपनीच्या गेटवर पहिल्यांदाच. मला हाक मारली. म्हणाल्या, "भाऊजी, ती विश्रांती आनखी म्हैनाभर मिळती का बघा ना. मागल्या टायमाला तुमीच दिली व्हती."

"बघतो, वहिनी," मी म्हणालो.

मी बघितलं नाही. साहेबांचं ऑफिस गेटपासून पन्नास पावलांवर होतं. त्यांच्याकडं गेलो असतो, बॉयलरवरून हलवा म्हणालो असतो, तर ते म्हणाले असते, "अरे, मी तर तेव्हाच सांगितलं होतं." कारण त्यांनी सांगितलंच होतं. माझी यादी वाचून साहेबांनी स्वतः पेन्सिलीनं खाली तुमचं नाव लिहिलं होतं, बारावा म्हणून. 'म्हातारा टीमबरोबर राहू दे, पोरांना शिकवील.' बारावा म्हणजे टीममध्ये. टीममध्ये म्हणजे स्टोअर. ती पेन्सिल मी जिना उतरताना खोडरबरानं पुसली. बारावे म्हणून का होईना तुम्ही सोबत असलात की पोरं माझ्याकडं बघणार नाहीत, एवढंच माझ्या डोक्यात होतं. दुसरं काही नव्हतं. छातीची शीळ त्या जिन्यावर मला ऐकू आली नाही, असं मी स्वतःला पुष्कळ वर्षं सांगितलं. आली होती.

भात झोडून व्हायच्या आत तुम्ही गेलात. खांदा दिला मी, पुढचा डावा. त्यानंतरच्या हिवाळ्यात आम्ही कप जिंकलो आणि साहेब भाषणात म्हणाले, टीम कशी बांधावी ते ह्या पोराकडून शिका.

आता मी त्रेचाळीसचा आहे. टीमचं काम सोडून बरीच वर्षं झाली. हे पत्र टाकायचं तर तुमच्याच घरी टाकावं लागेल, आणि वहिनींना अजून वाचता येत नाही. नातू शाळेत जातो, तो मोठ्यानं वाचून दाखवील. म्हणून हे टाकणार नाही. पुढच्या आठवड्यात पितृपक्ष लागतोय. तुमच्या तिथीला दरवर्षी मला बोलावणं असतं. तिथीच्या स्वयंपाकात घावणे नसतात, तरी वहिनी माझ्यापुरते वेगळे घालतात, आणि पंगतीला बसलेल्या सगळ्यांना माझ्याकडं बोट दाखवून सांगतात, "ह्यांनीच दिली व्हती आमच्या ह्यांना विश्रांती." मी मान हलवतो. यंदाही बोलावणं आलंय, मुकादम. मी येणार आहे, आणि मान हलवून खाणार आहे.