लेइडाचं पान कोण उघडतं

१२ फेब्रुवारी
लेइडाच्या, माझ्या बायकोच्या, हृदयाची झडप आक्रसली आहे. मुख्य भूमीवरच्या तार्तूच्या हॉस्पिटलची, हृदयाच्या डॉक्टरांची तारीख आली— १९ सप्टेंबर. सरपणाच्या खोपटापर्यंत जाऊन आली तरी तिला धाप लागते. म्हणते, "सप्टेंबरात बटाटे काढायचे असतात. तारीख बदलून माग."
मला हसू आलं नाही.

१५ फेब्रुवारी
आमचे डॉक्टर निवृत्त झाल्यापासून त्यांच्या यादीतली सोळाशे माणसं पोरकी. सरकारनं दोनदा जाहिरात काढली. या बेटावर यायला एकही अर्ज नाही. यादी वाऱ्यावर सोडता येत नाही, म्हणून बदली डॉक्टर— गुरुवारी सकाळच्या बोटीनं येणार, संध्याकाळच्या बोटीनं परत. आजच्या बाईंनी लेइडाची छाती बराच वेळ ऐकली. "बघते काय करता येतं ते," एवढंच म्हणाल्या.
नर्स पिरेट दारापर्यंत आली. चौथीत माझ्याकडे होती. कविता म्हणताना कायम तिसऱ्या कडव्यात अडायची. "धीर धरा, मास्तर. रांग ती रांग."

२ मार्च
समुद्र नुसताच साकळलाय, पक्का गोठलेला नाही. पूर्वी या दिवसांत बर्फावरून गाडी घेऊन पलीकडे जायचो. वर्गात हिवाळ्याच्या कविता शिकवताना खिडकीकडे बोट दाखवलं की पुरायचं.

१९ मार्च
सरकारी आरोग्य-नोंदीतलं लेइडाचं पान संगणकावर उघडलं. ओळखपत्राचं कार्ड तिचं, गुप्त आकडे मी टाकतो. तिला बारीक दिसत नाही. पान कुणी कुणी पाहिलं, त्याची नोंद खाली असते. पिरेट, बदली बाई— आणि एक परकं नाव. ऊर्मास कास्क. तीनदा! कोण हा?
"बघू दे की," लेइडा म्हणाली. "म्हातारीच्या छातीत काय सापडणार त्याला?"
पण मी ते नाव पुन्हा वाचलं. एकोणीसशे एकोणपन्नासच्या मार्चमध्ये तेव्हाच्या राजवटीनं वडिलांना हद्दपार करून नेलं, त्याआधीही कुणा परक्यानं आमचा कागद वाचला होता. त्याचं नाव कधी कळलं नाही. आज निदान नाव दिसतं, दार लावायचा हक्कही आहे. पान बंद केलं. सगळ्यांना. पिरेटकडे तिचे कागद आहेतच.
बऱ्याच वर्षांनी बरं वाटलं.

२५ मार्च
खिडकीत मेणबत्ती लावली, वडिलांसाठी. दरवर्षी लेइडा लावते. आज तिला काडी ओढायचंही त्राण नव्हतं.

११ एप्रिल
बदली बाई गेल्या. त्यांच्या जागी नवे बदली. "पुन्हा पहिल्यापासून सांगा, मास्तर," पिरेट म्हणाली. सांगितलं.

२८ एप्रिल
लेइडा आता बसूनच झोपते.

१९ मे
कुंपणाजवळचं झाड फुलांनी पांढरं झालंय. तिला खिडकीशी बसवलं. तिला हवी म्हणून शाळेतली फुलांची कविता म्हटली. मध्येच तिचा श्वास ऐकायला थांबलो.
"थांबू नकोस. आहे अजून."

२३ मे
पिरेटचा फोन. "मास्तर, लेइडाकाकूंचं पान कुणी बंद केलं? डॉक्टर कास्क तार्तूच्या हॉस्पिटलातले. आधीच्या बाईंनीच त्यांना काकूंचे कागद बघायला सांगितलं होतं. ते एप्रिलमध्येच बोलावणार होते. पान उघडेना, म्हणून त्यांनी विनंती परत पाठवली. बाई गेल्या, ती तशीच पडून राहिली, आज दिसली. ती जागा दुसऱ्याला गेली, मास्तर."
पान उघडलं. सगळ्यांना. खाली आजच्या तारखेला एकच नोंद आहे— तिच्या कार्डावरून केलेली, माझी.
लेइडानं विचारलं, कोणाचा फोन? म्हटलं, चुकून लागला.